आत ये, वारा आहे

गोथेनबर्ग, ८ ऑक्टोबर १९७८

प्रिय डाग्नीआई,

पार्सल पोचलं. खारवलेल्या हेरिंग माशांची बरणी शाबूत आली, कारण तुम्ही ती इल्वाच्या मोज्यांत गुंडाळली होती. मोज्यांना मात्र आता शेपूचा आणि व्हिनेगरचा वास येतोय. इल्वा म्हणते चालेल, निदान शाळेत शेजारची मुलगी खेटून बसणार नाही. ती उंच होतेय. गेल्या वर्षीच्या स्वेटरची बाही मनगटाच्या वर गेली आहे, तेव्हा पुढचा विणायला घ्याल तर दोन बोटं जास्त धरा. गुडघ्याचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, म्हणजे दुखत असणार. शेजारच्या स्वेआला सांगून पाणी भरून घेत जा. ती गप्पा मारायला रोज येतेच, तर येताना बादली उचलायला काय हरकत आहे?

आता माझी बातमी. बसून वाचा. मी रेकॉर्ड करते आहे.

मोठी नाही, छोटीच. एका बाजूला एक गाणं, पालथी केली की दुसरं. तुम्ही विचाराल, कसलं गाणं? इकडे त्याला सॉफ्ट रॉक म्हणतात. गिटार आणि ढोल तेच, फक्त कोणी ओरडत नाही. पास्टरनी विचारलंच तर सांगा, की प्रार्थनाघरातल्या हार्मोनियमपेक्षा आवाज कमी आहे.

मी आठवडाभर पाळणाघरात मुलं सांभाळते आणि शनिवारी लग्नांत गाते हे तुम्हाला ठाऊक आहेच. ऑगस्टमधल्या एका लग्नात पाहुणे कोट शोधायला लागल्यावर मी माझं स्वतःचं एक गाणं म्हटलं. त्या वेळी कोणी ऐकत नसतं, म्हणून म्हटलं. पण कोपऱ्यातल्या टेबलावरचे एक जाडजूड गृहस्थ केक अर्धा टाकून उठले आणि पियानोपाशी येऊन उभे राहिले. हे रूने एकदाल. पूर्वी डान्सबँडमध्ये वाजवायचे, आता दुसऱ्यांच्या रेकॉर्ड बनवतात. त्यांना केक अर्धा टाकताना मी त्यानंतर कधी पाहिलं नाही, म्हणजे गोष्ट गंभीरच होती.

एका जुन्या दूधडेअरीच्या तळघरात स्टुडिओ आहे. भिंतींना पांढऱ्या फरश्या होत्या, त्यांवर त्यांनी अंड्यांचे पुठ्ठे आणि जुने गालिचे ठोकलेत. ओवे नावाचा ढोलवाला आहे, तो ढोलावर स्वयंपाकघरातलं फडकं पसरतो, म्हणजे आवाज पावलांसारखा मऊ येतो. रूने स्वतः इलेक्ट्रिक पियानो वाजवतात. त्याचा सूर असा थरथरतो, की पाण्यावर दिवा पडल्यासारखं वाटतं. आधी वाजवणाऱ्यांचं झालं, मग मी एकटीनं गायले, मग माझ्याच आवाजाच्या वरून एकदा आणि खालून एकदा गायले, आणि ते सगळं त्यांनी एकावर एक बसवलं. कानांना हेडफोन लावून ऐकलं तेव्हा आपल्याला दोन सख्ख्या बहिणी होत्या आणि कोणी सांगितलंच नव्हतं, असं वाटलं.

सगळं जमलं, फक्त ध्रुवपद जमेना. दिवसभर तेच. शेवटी रूने काचेमागून उठून आत आले आणि स्टुलावर बसले.

“तू फार सुंदर गातेयस,” ते म्हणाले. “तीच भानगड आहे. हे वाक्य तुला खरंच कुणी म्हटलं होतं ना?”

मी म्हटलं, हो, एका ओळखीच्या माणसानं.

“गाऊन म्हटलं होतं?”

“नाही. त्या माणसाला गायची सवय नाही.”

“मग तू कशाला गातेस? जसं म्हटलं होतं तसं म्हण.”

मग मी डोळे मिटून, जसं ऐकलं होतं तसं म्हटलं. ओवेनं काठ्या खाली ठेवल्या. रूने म्हणाले, झालं, आता हिला कॉफी द्या.

त्यानंतर रेकॉर्ड कंपनीचे साहेब ऐकायला आले. कोवळं वय, महागडा कोट. त्यांना चाल आवडली, आवाज आवडला, ध्रुवपद नाही आवडलं. ते ध्रुवपद एवढंच आहे: ‘आत ये, वारा आहे.’ साहेब म्हणाले, हे गाणं आहे की हवामानाचा अंदाज? रूने म्हणाले, हवामानाचा अंदाज सगळा देश कान देऊन ऐकतो. साहेबांना हसू आलं नाही. त्यांना तिथे ‘आत ये, आज रात्री’ असं हवं होतं. म्हणजे गाणं प्रेमाचं आहे हे लोकांना कळेल म्हणे. नाहीतर रेकॉर्ड निघणार नाही.

मी विचार करून सांगते म्हणाले. घरी आले, भांडी घासली, इल्वाच्या वेण्या घातल्या, आणि विचार करायला काही उरलंच नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं, शब्द बदलणार नाही. का, ते मात्र सांगता आलं नाही. रूने मध्ये पडले आणि तोड निघाली: पहिल्या बाजूला ‘रविवारची ट्राम’ नावाचं एक उड्या मारणारं गाणं, जे मला तितकंसं आवडत नाही, आणि माझं गाणं पालथ्या बाजूला. पालथी बाजू कोणी लावत नाही, त्यामुळे तिथे काय वाटेल ते म्हण, असं साहेब म्हणाले.

तुम्ही आता विचाराल, गाणं आहे तरी कशावर? प्रेमावरच आहे, आई. गाणी बहुतेक असतात.

बाकी इकडे ठीक. शहर मोठं आहे पण ट्राम त्याच, त्यामुळे जुनी माणसं भेटत राहतात. त्याबद्दल पुन्हा कधी.

इल्वानं खाली बोट काढली आहे. धूर निळा आहे कारण काळा खडू संपला.

तुमची
मायलिस


गोथेनबर्ग, २१ जानेवारी १९७९

प्रिय डाग्नीआई,

नव्या वर्षात तुम्हाला ऊब मिळो आणि लाकूडफाटा पुरो. ख्रिसमसला बोटी बंद राहिल्या याचं वाईट मला वाटलंच, पण इल्वाला जास्त. बंदरावर बर्फ असा उडत होता, की तिकीटखिडकीही दिसत नव्हती. आम्ही दोघी सामान घेऊन परत आलो आणि तुमच्यासाठी भाजलेली आल्याची बिस्किटं आम्हीच खाल्ली. तिनं आजीची खुर्ची म्हणून एक खुर्ची रिकामी ठेवली होती.

तुमचं पत्र मिळालं. चार वाक्यांचं. ‘रेडिओवर ऐकलं. आवाज चांगला आहे. शब्द ओळखीचे वाटले. बटाटे संपत आले.’

तिसरं वाक्य मी किती वेळा वाचलं असेल! तुम्ही कधी काही विचारत नाही. तुमच्या न विचारण्यालाही माणूस उत्तर देऊ लागतो, हे मला तुमच्या घरात राहून कळलं. पण आधी रेकॉर्डचं सांगते. मग बाकीचं. मला धीर गोळा करायला तेवढी जागा लागेल.

नोव्हेंबरमध्ये रेकॉर्ड निघाली. वेष्टनावर माझा फोटो आहे, केस उडताहेत. तो वारा म्हणजे एक पंखा आणि पंखा धरून स्टुलावर उभा असलेला ओवे. पहिले काही आठवडे काहीच झालं नाही. ‘रविवारची ट्राम’ दोनदा वाजली आणि डेपोत गेली. साहेब फोन घेईनासे झाले. मी पाळणाघरात मुलांची नाकं पुसत होते आणि मनात म्हणत होते, चला, एवढं झालं हेही पुष्कळ.

मग इथल्या रेडिओवर सकाळी मच्छीमारांची फर्माईश लागते ना, त्यात एका बोटमालकानं पालथ्या बाजूचं गाणं मागितलं. त्याच्या बायकोनं चुकून तीच बाजू लावली होती म्हणे. निवेदकानं आधी समुद्राचं हवामान सांगितलं, वायव्येचा वारा, जोरदार, आणि लगेच माझं गाणं. दुसऱ्या दिवशी तीन पत्रं, आठवड्यात पोतंभर. आता रविवारच्या राष्ट्रीय यादीत ते वर चढतंय. पाळणाघरातली मुलं दाराशी उभ्या आईला ‘आत ये, वारा आहे’ म्हणतात आणि खिदळतात. साहेबांनी फुलं पाठवली, आणि पत्रकारांना सांगितलं, की मी पहिल्या दिवसापासून याच गाण्यावर पैज लावली होती. रूने फक्त म्हणाले, “बघितलंस? हवामानाचा अंदाज.”

स्वेआनं मला पत्र लिहिलंय. तिची सगळी पत्रं तुमच्याविषयीच असतात. ती लिहिते, की शिवणमंडळात पास्टरच्या बायकोनं तुम्हाला विचारलं, तुमच्या सुनेला घरात बोलावणारा हा कोण? तर तुम्ही सुईवरून नजर न उचलता म्हणालात, “कोणी का असेना, मागे दार लावून घेतलं असलं म्हणजे झालं. घर गार पडतं.” हे वाचून मी ट्राममध्ये एकटीच हसत सुटले. आणि पुढच्या थांब्यावर रडू आलं.

तुम्हाला ठाऊक आहे ते कोणाचं वाक्य आहे. तरी मला ते लिहू द्या, कारण तोंडानं मला कधी जमलं नसतं आणि तुम्ही जमू दिलं नसतंत.

फेब्रुवारीत चार वर्षं होतील. मी दुपारच्या बोटीनं तुमच्या बेटावर आले होते, इल्वा कडेवर, कडेवर घेण्याएवढी लहान ती राहिली नव्हती तरी. ओठ सुजलेला होता. वाटेवर मी वाक्यं जुळवत होते. स्टेलान पितो हे तुम्हाला ठाऊक होतं, पण पिऊन काय करतो ते ठाऊक नव्हतं, आणि आईला हे कुठल्या शब्दांत सांगायचं? तो तुमचा एकुलता एक. मी कोण? शहरातली, प्रार्थनेला न जाणारी, क्लबात गाणारी. तुम्ही मला लग्नात एक टेबलक्लॉथ आणि एक नजर दिली होतीत, त्यातलं टेबलक्लॉथ ऊबदार होतं.

तुम्ही दार उघडलंत. माझ्या तोंडाकडे पाहिलंत, पोरीकडे पाहिलंत. मी बोलायला सुरुवात केली आणि तुम्ही म्हणालात, “आत ये, वारा आहे.” बस्स. मग बटाटे चढवलेत.

आणि चार दिवसांनी तो आला, तेव्हा तुम्ही फाटकापर्यंत गेलात आणि फाटक तुमच्या मागे ओढून घेतलंत. मी खिडकीतून ऐकत होते. तुम्ही आवाज चढवला नाहीत. “घर माझं आहे, स्टेलान. शुद्धीवर राहायला शिकशील तेव्हा ये. तोवर या दोघी माझ्या.” तो मोठ्यानं काहीबाही बोलला, शेजारपाजारी पडदे हलले, तरी तुम्ही तिथेच उभ्या. बोट त्याला घेऊन गेल्यावर तुम्ही आत येऊन हात धुतलेत आणि मला म्हणालात, या घरात त्याचं नाव काढायचं नाही. मी पाळलं. वर्षभर तुमच्याकडे राहिले तेव्हाही, नंतर दर उन्हाळ्यात आले तेव्हाही.

मला तेव्हा वाटलं होतं, की या बाईनं माझ्यासाठी दार उघडलं. ते कोणासाठी लावलं, हे कळायला मला फार काळ लागला. बोट लागायची वेळ झाली की तुम्ही खिडकीपाशी उभं राहून भांडी घासता. एरवी तुमची भांडी कधीच घासून झालेली असतात.

आभार हा शब्द मी लिहिला आणि खोडला. तो लग्नातल्या पाहुण्यांना म्हणायचा शब्द आहे. मी गाणं केलं ते म्हणूनच.

आता बाकीचं.

मी नाव काढते आहे, आई. तुमच्या घरात नाही, कागदावर. राग आला तर पत्र चुलीत घाला, पण आधी पुरं वाचा.

स्टेलान मला सप्टेंबरमध्ये ट्राममध्ये भेटला. ऑक्टोबरच्या पत्रात मी हे टाळलं. तो बारीक झालाय, दाढी काढलीय. गोदीत हत्यारांच्या कोठारात काम करतो, व्यसनमुक्ती संघटनेच्या वसतिगृहात राहतो. वसंतापासून त्यानं दारूला हात लावलेला नाही, असं तो म्हणाला. मी विश्वास ठेवला नाही. मी त्याच्या वसतिगृहाच्या व्यवस्थापिकेला जाऊन विचारलं. कडक बाई आहेत, तुम्हाला आवडतील. त्या म्हणाल्या, खरं आहे.

एवढ्यावर मी गप्प राहिले असते. पण डिसेंबरमध्ये एका वर्तमानपत्रानं छापलं, की हे गाणं माझ्या दूर गेलेल्या नवऱ्यासाठी आहे, मी त्याला परत बोलावते आहे. त्याला गाठून विचारलंही. त्यानं वार्ताहराला सांगितलं, त्या गाण्यात मला जागा नाही, आणि दार लावून घेतलं. हे त्यांनी छापलं नाही. रूनेंना त्याच वार्ताहरानं सांगितलं, म्हणून मला कळलं.

मग तो पाळणाघराच्या फाटकाशी आला. आत नाही, बाहेरच उभा राहिला. टोपी हातात. म्हणाला, “ते आईचं वाक्य आहे.”

मी म्हटलं, हो.

“मी जेट्टीवरून पळत यायचो, बूट भिजलेले, शाळा बुडवलेली, काहीही केलेलं असो. ती आधी हेच म्हणायची. ओरडायची ती नंतर.”

 मी त्याला सांगितलं, मी तुझ्याकडे परत येणार नाही, हे आत्ताच ऐकून ठेव. तो म्हणाला, “ते मी विचारतच नाहीये. तिला विचारशील का? मी लिहिलं तर ती उघडणार नाही. उघडू नयेच तिनं. पण तू विचारलंस तर वाचेल.”

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. ख्रिसमसला समोर बसून सांगेन ठरवलं होतं, तर बोटी बंद. आणि खरं सांगायचं तर त्या बंद झाल्या याचं थोडं बरंही वाटलं होतं.

मी त्याला माफ केलंय असं समजू नका. ते माझं वेगळं खातं आहे आणि मला घाई नाही. मी त्याच्यासाठी काही मागत नाही. तुम्ही माझ्यासाठी जे बाजूला ठेवलंत, ते पुन्हा हातात घ्यायला माझी अडचण वाटून घेऊ नका, एवढंच सांगते आहे. तुम्ही नाही म्हणालात तर मी त्याला नाही असं सांगेन आणि इल्वा आणि मी इस्टरला नेहमीसारख्या येऊ, आणि हे नाव पुन्हा निघणार नाही.

बटाट्यांचं पोतं मंगळवारच्या बोटीनं पाठवते आहे. खलाशाला घरापर्यंत आणून द्यायला सांगितलंय. त्याला कॉफी द्या, त्यानं माझं गाणं पाठ केलंय.

तुमच्या उत्तराची वाट पाहत, आणि उत्तर काहीही असलं तरी तुमचीच,
मायलिस


गोथेनबर्ग, २ एप्रिल १९७९

प्रिय डाग्नीआई,

वसंताच्या पहिल्या आठवड्याचं तुम्हाला अभिवादन. इथे रस्त्याकडेचा बर्फ काळा होऊन गटारात वाहतोय आणि लोक एकमेकांकडे बघून उगाचच हसताहेत.

तुम्ही त्या वेळी उत्तर मला लिहिलं नाहीत, सरळ त्यालाच लिहिलंत. ते पोस्टकार्ड घेऊन तो फाटकाशी आला तेव्हा त्याचे हात थरथरत होते, आणि क्षणभर मला भलतीच शंका आली. मग मी वाचलं. ‘होडीघराचं छप्पर गळतं. कामाचे कपडे घेऊन ये. मुलीला बरोबर आण.’ तो मला विचारत होता, म्हणजे काय? मी म्हटलं, म्हणजे होडीघराचं छप्पर गळतं.

काय घडलं ते तुम्ही जाणताच, तुम्ही तिथे होतात. पण इल्वानं मला कसं सांगितलं ते तुम्हाला कळायला हवं, म्हणून लिहिते. ती म्हणाली, आजी बटाट्याच्या वाफ्यात होती आणि बाबा फाटकाबाहेर उभे राहिले, आणि कोणी कोणाशी बोलेना, म्हणून मीच फाटक उघडलं. मग आजीनं बाबांना शिडी दाखवली. बाबा दिवसभर वर होते आणि आजी खाली उभी राहून सांगत होती, ते खिळे वाकडे आहेत. दुपारी मासे होते. बाबांना घास जाईना. आजीनं त्यांच्याकडे बटाट्यांचं भांडं सरकवलं, मग पुन्हा सरकवलं, आणि म्हणाली, “खा. उपाशी माणूस छपरावरून पडतो.”

तुम्ही त्याला घरात झोपू दिलं नाहीत. होडीघरात अंथरूण घातलंत. इल्वाला ते फार कठोर वाटलं. मला नाही. त्याला काय वाटलं ते मी विचारलं, तर म्हणाला, “छप्पर मीच दुरुस्त केलं होतं, म्हणून गळलं नाही. गळलं असतं तर तक्रार कोणाकडे करणार होतो?” चार वर्षांत प्रथमच त्याला विनोद करताना ऐकलं. मी हसले नाही, पण घरी येऊन रूनेंना फोनवर सांगितला.

आणि रविवारी तुम्ही त्याला बरोबर घेऊन प्रार्थनाघरात गेलात. हे मला स्वेआनं लिहिलंय, दोन्ही बाजूंनी भरलेले सहा कागद. सगळे वळून बघत होते. तुम्ही मागच्या बाकावर बसला असतात तरी कोणी नावं ठेवली नसती, पण तुम्ही थेट पुढे, इल्वाच्या आजोबांच्या जागेवर त्याला बसवलंत. स्वेआ म्हणते, तुम्ही गुडघा दुखतोय म्हणून त्याचा दंड धरला होता. गुडघा दुखतोय हे तुम्ही जगात पहिल्यांदा कबूल केलंत, यावरून ती बातमी बेटभर झाली आहे.

तो पुढच्या महिन्यात पुन्हा येईन म्हणतो, खिडक्यांना रंग द्यायला. येईल किंवा चुकेल. त्याची हमी मी देत नाही, व्यवस्थापिकाबाईही देत नाहीत. पण या खेपेला तो परत आला तेव्हा त्याच्या अंगाला डांबराचा वास येत होता, दुसरा कुठलाही नाही. मला एवढं नोंदवून ठेवावंसं वाटलं.

गाणं आता यादीतून उतरायला लागलंय. कंपनीला पुढचं हवंय आणि माझ्याकडे नाही. साहेब म्हणतात, तसंच काहीतरी कर, पाऊस, धुकं, काहीही. रूने म्हणाले, हिला सहा महिने जगू दे, मग विचारा. उन्हाळ्यात मात्र गावोगावच्या बागांतून गायला बोलावणी आली आहेत. रूने पियानोवर, ओवे फडकं घेऊन. तेवढे दिवस इल्वा तुमच्याकडे राहिली तर चालेल का? ती चालेल म्हणते, पण ते तिनं नाही, तुम्ही म्हणायचं आहे.

आता तुमच्या गेल्या आठवड्याच्या पत्राबद्दल. मी रूनेंना सांगून रेकॉर्डच्या नव्या छपाईवर शब्दांसाठी माझ्या नावाशेजारी तुमचं नाव घालून घेतलं होतं, आणि पहिली प्रत तुम्हाला पाठवली होती. वाटलं होतं, तुम्ही एक वाक्य लिहाल, बहुधा बटाट्यांबद्दल. तुम्ही अख्खं पान लिहिलंत. इतकं लांब पत्र तुम्ही मला कधी लिहिलं नव्हतं.

‘माझं नाव काढून टाक,’ तुम्ही लिहिलंत. ‘ते वाक्य माझं नाही. मी लग्न करून या बेटावर आले तेव्हा वीस-एकवीस वर्षांची होते, दुसऱ्या बेटावरची, आणि पोटात मूल होतं, ते नंतर राहिलं नाही. लग्न घाईनं का झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं. जेट्टीवर एकही माणूस घ्यायला आला नव्हता. माझा नवरा सामान उतरवत होता, मी एकटीच चढण चढून गेले. सासूबाई दारात उभ्या होत्या. मला वाटलं, ही आता बोलणार. तर त्या फक्त हेच वाक्य म्हणाल्या. त्यानंतर त्या विषयावर त्या घरात कोणी कधी बोललं नाही. मी स्टेलानला म्हणायचे ते त्यांचंच ऐकून, आणि तुला म्हटलं तेही.’

मी हे इल्वाला वाचून दाखवलं नाही. मोठी झाली की दाखवेन. पण पत्र घेऊन मी संध्याकाळभर खिडकीत बसले होते. तुमचं मूल गेलं होतं हे मला ठाऊक नव्हतं, आई. तुम्ही मला घरात घेतलंत त्या दिवशी तुमच्या डोळ्यांपुढे एकटीच चढण चढून आलेली ती मुलगी उभी होती हे मला आज कळतंय, आणि मी मात्र चार वर्षं समजत होते की ती मीच होते. याचं मला वाईट वाटत नाही. उलट हलकं वाटतं. इतकं मोठं देणं एकटीचं नसतं, त्यात आपल्या आधीही कोणीतरी उभं असतं, हे कळल्यावर माणूस नीट श्वास घेतो.

रूनेंना मी सांगितलंय, छपाई थांबवा. नाव काढायला नाही, बदलायला. ते म्हणाले, कंपनी ओरडेल. मग म्हणाले, ओरडू दे, आपण सॉफ्ट रॉकवाले.

तेव्हा एवढंच कळवा, आणि या वेळी एका शब्दाचं पत्र चालेल: तुमच्या सासूबाईंचं नाव काय होतं?

तुमची सून, घटस्फोटाची कागदपत्रं काहीही म्हणोत,
मायलिस